खिडक्यांवरचे फलक

तिसऱ्यांदा दिवे गेले तेव्हा खरात मॅडम खुर्चीवरून उठल्या. हॉलमध्ये अठ्ठावन्न मुलं पर्यावरणशास्त्राचा पेपर लिहीत होती आणि सेन्सरवर चालणाऱ्या, बोलणाऱ्या 'स्मार्ट' इमारतीला वाटत होतं की आत कोणीच नाही. मुलांचे लिहिणारे हात तिला दिसतच नसत.

"हालचाल आढळली नाही. वीज वाचवली आहे," इमारत गोड आवाजात म्हणाली.

"अगं बाई, परीक्षा चालू आहे! मुलांनी काय नाचत नाचत लिहायचं?"

"कृपया हात हलवा."

मॅडमनी हात हलवले. दिवे आले आणि दोन मिनिटांत पुन्हा गेले.

"मॅडम, माझा वीस मार्कांचा प्रश्न राहिलाय," पहिल्या बाकावरची शर्वरी रडकुंडीला आली. "या वेळी नापास झाले तर वर्ष जाईल."

मॅडम वैतागून भिंतीकडे वळल्या. चारही खिडक्या 'वीज वाचवा' लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या फलकांनी झाकल्या होत्या. त्यांनी एकेक फलक ओढून काढला. दुपारचं ऊन थेट शर्वरीच्या उत्तरपत्रिकेवर पडलं.

"फलक काढल्याबद्दल महाविद्यालयाचे दहा हरित गुण वजा करत आहे," इमारत म्हणाली.

"कर, खुशाल कर," मॅडम म्हणाल्या. "शर्वरी, तू लिही गं."