रांगेतली जागा

छप्पन्न साली घाटकोपरला आमचा मुलींचा खो-खोचा संघ होता. पळताना माझी टाचेमागची धोंडशीर तुटली. डॉक्टरांनी ती शिवली, पण पोटरी काठीसारखी झाली, महिनोन्‌महिने भरलीच नाही. दिवाळीनंतर पुन्हा मैदानावर गेले. "आलीस गं बाई! बस रांगेत, तुझी जागा ठेवलीय," आमची कप्तान रत्नप्रभा म्हणाली. खो मिळाल्यावर उठून झेपावता येतंय का, एवढंच मला बघायचं होतं. खो डावीकडच्या नलिनीला मिळाला, उजवीकडच्या सिंधूला मिळाला. "मला दे ना!" मी ओरडले. "दुखेल गं तुला," म्हणत रत्नप्रभा पुढे पळाली. घरी आईने विचारलं, "खेळलीस?" मी मान डोलावली. तिने माझं पांढरं पोलकं धुवायला घेतलं. एरवी खो देणाऱ्यांच्या मातकट पंजांनी पाठ लाल व्हायची आणि आई कुरकुरायची. आज पाठ पाहून तिने पोलकं तसंच दोरीवर टाकलं.