पहिली उडी
आमच्या टेकडीचा नियम जुना आहे: स्कीच्या उड्यांसाठी बर्फाचा उंचवटा जो रचेल, त्यानेच पहिली उडी घ्यायची. साप्पोरोच्या क्रीडाशाळेचे बोलावणे माझी लेक मिनोरी दोन वर्षे नाकारत आली, कारण मी शब्द दिला होता, 'तुला हवा तेवढा उंच इथेच रचीन.' दर हिवाळ्यात तो उंचवटा वाढवला आणि आधी मीच उडालो. यंदा दंताळ्याचा शेवटचा हात फिरवून माथ्यावर उभा राहिलो, तर पाऊलच सुटेना. खालून लिफ्टवाला ओगाता ओरडला, "अहो, उडताय की अंडी उबवताय?" सगळे हसले. मिनोरी वर आली, काठीने बर्फ टोचला आणि म्हणाली, "बाबा, बर्फ मऊ पडलाय. वेगच मिळणार नाही. मी साप्पोरोला होकार कळवते." तिची काठी बोटभरही रुतली नव्हती. "हो गं," मी म्हणालो, "फारच मऊ आहे."