पालकांचा तंबू

"बाई, शिबिरात पोरीला रात्रभर तंबूत ठेवायला मन धजत नाही," इस्माईल मुजावर म्हणाला. त्याची लेक निलोफर नुकतीच शाळेच्या गाईड पथकात दाखल झाली होती आणि नव्या पालकांची ही पहिलीच सभा होती.

पथकाच्या सोनटक्के बाई हसल्या. "भाऊ, नाही म्हणायच्या आधी तंबू तरी उभारून बघा." त्यांनी कापड, दोर आणि लाकडी खुंट्या मैदानात पालकांपुढे ठेवल्या.

इस्माईलने बाह्या सरसावल्या. ट्रक चालवणाऱ्याला दोर बांधायला कोण शिकवणार? पण तंबू उभा राहतो न राहतो तोच वाऱ्याची झुळूक आली, खुंट्या उपटल्या आणि अख्खा तंबू पालकांच्या अंगावर कोसळला. कापडाखालून बाहेर येताना एक आजोबा इतके हसले की इस्माईललाही हसू आवरेना.

"अब्बा, खुंटी बाहेरच्या बाजूला कलती ठोका, मग उपटत नाही," कडेला उभी असलेली निलोफर पुढे येत म्हणाली आणि तिने एक ठोकूनच दाखवली. इस्माईलने सगळा जोर लावून दोर ओढला. खुंटी तसूभरही हलली नाही. इतक्यातच लेक एवढं शिकली, याचंच त्याला अप्रूप वाटलं.

तंबू उभा राहिल्यावर तो आत शिरून ऐसपैस बसला.

"शिबिराला तिचं नाव घाला, बाई," त्याने आतूनच सांगितलं, "आणि आम्हा पालकांचाही एक मुक्काम ठेवा की!"