कप्तानाचा आवाज

"पुन्हा एकदा," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला.

माइकपुढच्या कलाकारानं घसा खाकरला, घोटभर कोमट पाणी प्यायला आणि समोरच्या पडद्याकडे पाहिलं. अवकाशयानाचा कप्तान जळत्या बोगद्यातून धावत येत होता, जखमी सोबत्याला खांद्यावर टाकून. दारापाशी पोचला की कप्तानाचे ओठ हलायचे, आणि त्या ओठांत आपली भाषा घालायची हे याचं काम. परदेशी मालिकेच्या पहिल्या भागापासून कप्तान याच्याच आवाजात बोलत आला होता. स्टुडिओत त्याला नावानं कुणी हाक मारतच नसे. चहावाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांचा तो कप्तानच.

"मी आहे तोवर कुणी मागं राहणार नाही," तो माइकमध्ये म्हणाला.

शब्द ओठांवर चपखल बसले. श्वासही जागच्या जागी आला. तरी दिग्दर्शकानं कपाळ चोळलं आणि उठून स्वतःच आत आला. हे लक्षण काही बरं नव्हतं.

"आवाज पातळ झालाय रे तुझा."

"सर्दी असेल."

"मागच्या खेपेलाही सर्दीच होती." दिग्दर्शक स्टुलावर टेकला. "जुना भाग लावतो. ऐक."

नको म्हणायच्या आत स्पीकरमधून तेच वाक्य आलं. खोल, भरदार, ऐकणाऱ्याच्या छातीत उतरणारं. या माणसाच्या मागून आपणही आगीत शिरू, असं त्याला वाटून गेलं.

शिरलाच होता की. गेल्या वर्षी असंच धावण्याचं दृश्य करताना त्याच्या धापा इतक्या खऱ्या निघाल्या की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि हा माइकचा दांडा धरून मटकन खाली बसला. दोन वाक्यांत दम लागणारा ढेरपोट्या कप्तान! डॉक्टर सांगून थकले होते, बायकोनं तर कधीच हात टेकले होते. पण त्या दिवशी पडद्यावरच्या त्या माणसासमोर त्याला लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर जाऊ लागला. पाय बोलायला लागले की कप्तानाचं वाक्य कप्तानाच्याच आवाजात स्वतःला ऐकवायचा आणि आणखी एक फेरी मारायचा. तळलेलं सुटलं, गोड सुटलं. ढेरी उतरली, हनुवटीखालची हनुवटी गेली, रक्तातली साखर ताळ्यावर आली. त्याच्या शर्टांना टिपा घालताना बायको म्हणायची, "माझं कधी ऐकलं नाही, पण पडद्यावरच्या माणसाचं बरं ऐकलं!" तिला इतकं खूश त्यानं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

या सगळ्यात आवाज कधी गेला, ते मात्र त्याला कळलं नाही.

"जरा पोटातून काढून बघ," दिग्दर्शक म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला. "पोट ठेवलंयस कुठं म्हणा."

दोघं हसले. हसणं लवकर संपलं.

"तब्येत छान झालीय, खरंच सांगतो. मला हेवा वाटतो." दिग्दर्शक जमिनीकडे बघत बोलत होता. "पण लोक डोळे मिटून हा आवाज ओळखतात रे. मी तरी काय करू?"

"थोडे दिवस दे. वजन वाढवतो."

"आणि डॉक्टर?"

आपण हे अगदी मनापासून बोलून गेलो, हे लक्षात येऊन त्याची त्यालाच भीती वाटली.

"नको," दिग्दर्शक हळूच म्हणाला. "वहिनी मला दारात उभं करणार नाहीत. आणि... एक जण आलाय. बाहेर बसलाय."

म्हणजे ठरलंच होतं. त्यानं हेडफोन काढून खुंटीला अडकवला आणि कुणाकडे न बघता दार ढकललं.

बाहेरच्या बाकावर तिशीचा एक माणूस दोघांची जागा व्यापून बसला होता. याला बघताच तो धडपडत उठला, आणि तेवढ्यानंही त्याला धाप लागली. ओठ जरा निळसरच दिसत होते.

"सर, तुम्ही सोडताय म्हणे." आवाज असा की बाकाच्या फळीलाही जाणवावा. "तुमचा कप्तान ऐकतच मोठा झालो मी. मला नाही जमणार तसं."

"जमेल," तो म्हणाला. ते खरं होतं आणि त्याचंच त्याला सगळ्यात वाईट वाटलं.

"एक सांगू? हसू नका हं." त्या माणसानं रुमालानं मान पुसली. "तुम्ही म्हणे कप्तानाकडे बघून वजन उतरवलंत. मीही ठरवलंय. कप्तान व्हायचं तर नुसतं बोलून कसं भागेल? एक तारखेपासून धावायला लागणार."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही: नको रे बाबा, आहेस तसाच राहा, नाहीतर तुलाही असंच घरी पाठवतील. त्यानं त्या निळसर ओठांकडे पाहिलं. याच्या जिवासाठीच आपण गप्प बसलो, असं घरी बायकोला सांगता आलं असतं. तिनं विश्वासही ठेवला असता. पण त्याच्या मनात त्या जिवाचा विचार नव्हता. खुंटीवरचा हेडफोन होता.

त्यानं त्या माणसाच्या रुंद खांद्यावर हात ठेवला.

"एक तारीख कशाला? उद्या पहाटेच निघ. मी येतो बरोबर."

त्या माणसाचा चेहरा फुलून आला.

"बघा, हाच तो आवाज! सर, आत्ता अगदी कप्तान बोलला!"