बोटभर कमी

बांधाच्या मध्यावर राघोचा लाकडी पाय अडखळला आणि डोक्यावरच्या पाटीतलं मीठ भसकन सांडलं. कोपर गावच्या मिठागरावरची माणसं हातातलं काम टाकून बघत राहिली. राघोची बायको सगुणा बांधाच्या टोकाला उभी होती.

"आणखी एकदा," गणू मुकादम म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण मीठ काही दयेवर वाहिलं जात नाही. "या खेपेला सांडलंस तर राहू दे राघो. तुझी जागा दुसऱ्याला देतो."

बांध तरी कसला, दोन वितींची चिखलाची पट्टी! धडधाकट माणूसही तिच्यावरून जपूनच जातो. राघोचा पाय इस्पितळातल्या गोऱ्या डॉक्टरनं गुडघ्याखाली कापला, त्याला वर्ष होत आलं होतं. हा नवा पाय कल्याण बंदरातल्या गोविंदा सुतारानं घडवला होता, आणि तो कसा चालतो ते बघायला स्वतः आलाही होता. जन्मभर मचवे बांधलेला माणूस तो. चिखलात रुतू नये म्हणून तळवा रुंद ठेवलेला, टाच टेकली की दबावा म्हणून घोट्यात चामड्याचे पदर घातलेले. मग घोडं अडतंय कुठं?

सगुणा उकिडवी बसली. "रिकामे चाला बघू," ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्यापर्यंत या."

तो आला. तिनं त्याचे पायच तेवढे पाहिले. खरा पाय पुढं येताना चवडा आपसूक वर व्हायचा. लाकडाचा चवडा मेला तसाच खाली राहायचा आणि चिखल खरवडत यायचा.

"गोविंदादादा, हा पाय लांब झालाय."

"काय बोलतेस बाई!" सुतार उसळला. "सूत लावून मापलाय. दोन्ही पाय तंतोतंत सारखे. चाळीस वर्षांत माझं माप चुकलं नाय!"

"माप तू उभ्या माणसाचं घेतलंस. ह्यांना चालायचंय."

गोविंदा आपल्याच पायांकडे बघत चार पावलं चालला, आणि कपाळावर हात मारून घेतला. त्यानं लाकडी पायाचा घोटा सोडवला, नडगीतून करवतीनं बोटभर लाकूड उतरवलं, पुन्हा पाचर ठोकली.

सगुणेनं लाकडी पायाच्या वाद्या आवळल्या. राघोच्या डोक्यावर भरलेली पाटी चढली. तो निघाला. मध्यावर आला तशी तिनं डोळे गच्च मिटले. कुणी ओरडलं नाही. डोळे उघडले तर राघो पलीकडे ढिगावर पाटी ओतत होता! सुटले ग बाई, असं ती मोठ्यानंच म्हणाली आणि बांधावरच फतकल मारून बसली.

राघो परत आला तो जवळजवळ झपाझपच. मुकादमानं या वेळी पाटीत चारच ओंजळी मीठ टाकलं. "दमानं घे रे बाबा," तो म्हणाला.

राघोनं पाटीत डोकावून पाहिलं.

"मुकादम, पाटी भरतोस का हळदीकुंकवाचं वाण देतोस?"