वाढणं

कुमुदआत्या वाढायला लागली की कुणाचं ‘पुरे’ तिला ऐकूच यायचं नाही. तिच्या छातीतली गाठही तिच्यावरच गेलेली! म्हणून दंडावर चिकटवलेली औषधाची पट्टी महिनाभर गाठीतल्या पेशीपेशीला संप्रेरकाचा निरोप धाडत होती: ‘पुरे!’

आज पट्टी निकाल दाखवणार होती. धास्तीनं आत्याला घास गिळवत नव्हता, तरी भाचीला तिसरी पुरणपोळी वाढायला ती निघालीच. ऋजुतानं तिचा दंड घट्ट धरला.

“गाठ वाढली असेल तर?” आत्या पुटपुटली.

“तर पुन्हा सांगू. ती ऐकेपर्यंत सांगू! मी काही दमत नाही.”

पट्टी हिरवी झाली. गाठ वाढायची थांबली होती.

“बघ, तिनं ऐकलं! आता तू ऐक. पुरे!”

“ऐकलं गं बाई,” म्हणत आत्यानं ती पोळी स्वतःच्या पानात वाढली.