मंगळीच्या नावाची सुई

डॉ. देवकी देसले यांनी मंगळीच्या छातीवर पुन्हा जेल लावलं आणि यंत्राची दांडी पुन्हा टेकवली. लहानशा पडद्यावर तेच चित्र आलं. हृदयाची झडप जाड झाली होती. उघडताना अर्ध्यातच अडत होती.

असं असायला नको होतं. त्यांनी फाईल पुन्हा वाचली. मंगळी वाघ, उंबरमाळीजवळची वाडी. अकराव्या वर्षी ताप येऊन सांधे सुजले, झडपेला इजा झालेली सापडली. मग तो ताप उलटू नये म्हणून पाच वर्षं दर महिन्याला पेनिसिलिनची सुई. साठच्या साठ नोंदी भरलेल्या. पाचव्या वर्षीच्या मार्चमधल्या तपासणीत झडप निरोगी, सुई बंद.

तालुक्यातल्या अशा एकशे बारा मुलांवरून देवकीबाईंनी सात वर्षांपूर्वी निबंध लिहिला होता. पाच वर्षांनी झडप चांगली दिसली तर सुई थांबवायला हरकत नाही, असं त्यात सिद्ध केलं होतं. आतापर्यंत चौदाशे निबंधांनी त्याचा आधार घेतला होता. कधी न पाहिलेल्या देशांतले डॉक्टर त्यावरून मुलांच्या सुया बंद करत होते. आता ती मुलं मोठी होऊन कशी आहेत हे पाहायला त्या मुंबईहून आल्या होत्या, आणि वाडीच्या शाळेतल्या बाकावर निजलेली मंगळी ही पहिलीच.

यंत्रच बिघडलं असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी पाठ फिरवून दांडी स्वतःच्या छातीवर धरली. यंत्र ठीक होतं. मग वाटलं, फाईल दुसऱ्या कुणाची असेल. त्यांनी मंगळीला आईचं नाव विचारलं, जन्मसाल विचारलं. सगळं जुळत होतं.

मंगळी उठून बसली. तिला पाचवा महिना होता. हल्ली विहिरीवरून हंडा आणताना दोनदा बसावं लागतं, रात्री उशाला गोधडी घेतल्याशिवाय झोप येत नाही, असं तिनं सांगितलं. पोटुशी आहे म्हणून असेल, असं घरचे म्हणत होते.

देवकीबाईंनी तिला विचारलं, सुई कधी चुकली होती का. मंगळीनं मान हलवली. एकही नाही. मग जरा थांबून म्हणाली, पावसाळ्यात तर तिनं स्वतः घेतली.

"आणि पावसाळा संपल्यावर?"

"मंग आमी इटांच्या भट्टीवर जायाचो ना. दिवाळी झाली का भिवंडीकडं, ते उन्हाळ्यात आखितीपर्यंत. तवा भिमी घ्यायची."

भिमी तिची पाठची बहीण. ती शेळ्या राखायला वाडीतच राहायची. दोन सुया चुकल्या की नाव कापणार, आणि नाव कापलं की मुंबईचा इलाज बंद, असं नर्सबाईंनी सांगून ठेवलं होतं. नर्सबाई दर दोन-तीन महिन्यांनी बदलायच्या, कुणाला चेहरे ठाऊक नसायचे. तेव्हा आईनं भिमीला शिकवलं होतं की नाव विचारलं तर मंगळी सांगायचं.

"आणि मार्चमधली तपासणी? मशीनवरची?"

"ती बी भिमीनंच केली."

भिमी व्हरांड्यातच होती, कडेवर मूल घेऊन. देवकीबाईंनी तिला आत बोलावलं, मूल मंगळीकडे दिलं आणि दांडी टेकवली. भिमीची झडप स्वच्छ उघडत होती, स्वच्छ मिटत होती.

बाईंनी फाईलवरचं नाव पुन्हा वाचलं, तशा दोघी बहिणी एकमेकींकडे बघू लागल्या. बाई रागावल्या का, हे त्यांना कळेना. बाईंनाही ते कळत नव्हतं. रागवायचं तर कुणावर? महिन्याला एक दुखरी सुई ढुंगणात घेऊन ही पोरगी बहिणीचं नाव राखत होती.

"सुई वाया नाय गेली बाई," भिमी म्हणाली. "एक बी नाय."

देवकीबाईंनी विचारलं, बाकीच्या मुलांचंही असंच होतं का. दोघींनी जरा विचार केला. मग मंगळी म्हणाली, ज्याच्या घरचे भट्टीवर, त्याच्या जागी शेजारचं पोर जायचं. सगळ्याच वाड्यांमध्ये. किती जणांचं झालं ते कोण सांगणार.

शाळेमागच्या खडकावर रेंज येत होती. तिथं उभं राहून देवकीबाईंनी प्रणितला फोन लावला. निबंधावर त्यांच्याखालोखाल त्याचंच नाव होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. एका रोग्यानं निष्कर्ष बदलत नाही, असं म्हणाला. एकच नाही, त्या म्हणाल्या. मग किती, हे त्यांना सांगता येईना. दहा असतील, पन्नास असतील. सुई थांबवायला हरकत नाही, हे कदाचित खरंही असेल. नसेलही. निबंध छापणाऱ्या मासिकाला आजच कळवायचं, एवढं त्यांनी सांगितलं.

"मॅडम, मग आपल्याला नक्की माहीत काय आहे?"

देवकीबाईंनी खाली पाहिलं. मंगळी शाळेच्या पायऱ्या उतरत होती. तीनच पायऱ्या होत्या. दुसरीवर ती थांबली, भिंतीला हात लावला, तोंडानं श्वास घेतला.

"मंगळीची झडप अरुंद झालीय," त्या म्हणाल्या. "एक बेड बघून ठेव. मी तिला घेऊन निघते."